जव्हार-मोखाड्याची खुरासणी आणि आमच्या दस्तरखानावरचे सॅलड

भिवंडीहून निघून वाडा आणि विक्रमगड मागे टाकले की रस्ता चढू लागतो आणि गाडीच्या काचा आपोआप खाली येतात. जव्हारला लोक पालघरचे महाबळेश्वर म्हणतात. थंडीपुरते ते खरे आहे, पण इथे महाबळेश्वरसारखी गर्दी नाही. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरची पाच माणसे निघालो होतो. पाऊस नुकताच सरला होता आणि डोंगरउतार पिवळ्या फुलांनी भरले होते. मुलांना वाटले, सूर्यफुलाचीच छोटी जात असावी. नात्याने ती सूर्यफुलाच्याच कुळातली आहे, पण हे पीक खुरासणीचे. कुणी त्याला कारळे म्हणतात. आपल्या घरात कारळ्याची चटणी असते, तिचेच हे शेत.

जव्हार हे जुने संस्थान. मुकणे घराण्यातल्या राजाला 1343 साली दिल्लीच्या सुलतानाकडून नेमशहा ही पदवी मिळाली, अशी संस्थानच्या इतिहासात नोंद आहे. त्यामुळे पुढे पतंगशहा, विक्रमशहा अशी नावे या कोळी महादेव राजघराण्यात दिसतात. आमच्या इतिहासाच्या तासाला मुले हमखास विचारतात की आदिवासी राजाच्या नावात शहा कसा आला. जयविलास राजवाडा, हनुमान पॉइंट, दाभोसा धबधबा हे सगळे मुलांनी मनसोक्त पाहिले. आमचे लक्ष मात्र दुसरीकडे होते.

अम्मींना मधुमेह आहे. गेल्या तपासणीत तीन महिन्यांची साखर 8.4 आली, तेव्हा डॉक्टरांनी भात आणि चपाती निम्म्यावर आणायला सांगितले आणि ताटात आधी कच्ची भाजी घ्या असे बजावले. अम्मींनी चार दिवस काकडी-गाजर चावले आणि पाचव्या दिवशी म्हणाल्या, “आम्ही काय बकऱ्या आहोत?” मग चव यावी म्हणून मुलांनी मॉलमधून ड्रेसिंगच्या दोन बाटल्या आणल्या. मागचे लेबल वाचले तर एकीत तेलाच्या खालोखाल साखर, दुसरीत मध आणि कॉर्न सिरप. ‘लो फॅट’ लिहिलेल्या बाटलीत तर बरेचदा तेल कमी करून त्याची जागा साखर आणि स्टार्चने भरलेली असते. टोमॅटो सॉसमध्ये जवळपास चौथा हिस्सा साखर असते. एक मोठा चमचा मध म्हणजे साधारण 17 ग्रॅम कर्बोदके. चपाती सोडायची आणि तीच साखर काकडीवर ओतायची, याला पथ्य कसे म्हणायचे?

मोखाडा तालुक्यात आमच्या बीएडच्या वर्गातले एक गुरुजी आश्रमशाळेत शिकवतात. दुपारचे जेवण त्यांच्या घरी होते. त्यांच्या आईंनी नागलीची भाकरी, उडदाचे भुजे आणि खुरासणीची चटणी वाढली. शेजारी जाडजूड डोंगरी काकडीच्या फोडी होत्या. त्या फोडींवर त्यांनी घाण्याचे खुरासणीचे तेल सोडले, लिंबू पिळले, मीठ आणि ठेचलेली मिरची घातली आणि वरून भाजलेल्या खुरासणीची भरड भुरभुरली. अम्मींनी दोनदा मागून घेतले. आम्ही महिनाभर जे शोधत होतो, ते या घरात कुणी नावही न ठेवता रोज खात होते.

अम्मी भाकरी अर्धीच घेतात हे आजींच्या ध्यानात आले. “भाकर कमी का खाता? आजारी आहात का?” गुरुजींनी साखरेचे सांगितले. आजी जरा थांबल्या आणि म्हणाल्या, “आमच्याकडे पोरांना ती पुरेल का, हीच चिंता असायची.” यावर कुणाला काही बोलता आले नाही. 1992-93 साली याच जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला होता. कुपोषणाची ओळख या दोन तालुक्यांना आजही पुरती सोडत नाही. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाड्यातच आहे आणि उन्हाळ्यात इथले पाडे टँकरची वाट पाहतात. कमी खाण्याचा सल्ला हा आपल्या भरल्या ताटाला दिलेला सल्ला आहे. वाढत्या वयाच्या मुलांना, गरोदर बाईला किंवा अंगमेहनतीने थकलेल्या माणसाला तो लावू नये. घरात एकाला पथ्य असले म्हणून सगळ्या लेकरांची भाकरी उचलू नका, एवढे आम्ही आग्रहाने सांगतो. आणि ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय भात-चपाती एकदम तोडू नये. साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

आता घरच्या ड्रेसिंगकडे येऊ. मूळ हिशेब सोपा आहे, तीन भाग तेल आणि एक भाग आंबट. तेलात कर्बोदके नसतात, लिंबाच्या एका चमच्यात नाममात्र असतात. पण तेल आणि लिंबू एकमेकांत राहत नाहीत, म्हणून मध्ये धरून ठेवणारे काही हवे. परदेशी पाककृतीत ते काम मोहरीची पेस्ट करते. इथे खुरासणीची किंवा शेंगदाण्याची बारीक पूड करते. आम्ही तीन चमचे तेल, एक चमचा लिंबाचा रस, दोन चमचे भाजलेल्या खुरासणीची पूड, किसलेले आले, हिरवी मिरची, मीठ आणि दोन चमचे पाणी झाकणाच्या बरणीत घालून खळखळून हलवतो. दाटसर, करड्या रंगाचे होते. दिसायला काही खास नाही, पण चव अशी की मुले गाजर त्यात बुडवून खातात. खुरासणी मंद आचेवर भाजावी, करपली तर कडू लागते. तेल थोडेच आणावे, कारण ते लवकर खवट होते.

दुसरा प्रकार दह्याचा. दही तासभर फडक्यात टांगून त्यात पुदिना, जिरेपूड, मिरी आणि चमचाभर तेल घालावे. कबाबसोबत हे असले की चपातीची आठवण कमी येते. तिसरा प्रकार सिरक्याचा. हदीसमध्ये सिरक्याला उत्तम सालन म्हटले आहे, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक असते. उसाचा किंवा जांभळाचा सिरका घ्यावा आणि त्यात साखर मिसळलेली नाही ना हे पाहावे. बाटलीवर ‘वाइन व्हिनेगर’ असेल तर प्रश्न येतो. दारूचा सिरका आपोआप झाला असेल तर तो सर्वांच्या मते हलाल आहे. काही मिसळून केला असेल तर हनफी फिकहमध्ये चालतो, शाफई फिकहमध्ये नाही. आपल्या कोकणी घरांनी हे ध्यानात ठेवावे.

गुरुजींनी निघताना मोहाच्या तेलाची बाटलीही पुढे केली. मोह म्हटले की आपल्या कपाळाला आठी पडते. पण दारू फुलांची होते, तेल बियांचे असते. त्या तेलात इथे स्वयंपाक होतो. ड्रेसिंगला मात्र ते जमत नाही, कारण थंडीत तुपासारखे गोठते.

एक गोष्ट आजींकडून कळली. सॅलडला मीठ आणि आंबट शेवटी, बसताना घालायचे. आधी घातले तर काकडी पाणी सोडते आणि ड्रेसिंग तळाशी वाहून जाते. लसूण घातलेले तेल बाहेर ठेवायचे नाही, फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवायचे, हे आमचे आम्ही जोडले.

जव्हारच्या बाजारातून आम्ही दोन किलो खुरासणी घेतली. अम्मींची पुढची तपासणी जानेवारीत आहे. भिवंडीत पोहोचायच्या आधी त्यांनी गाडीतच विचारले, “ती दोन किलो किती दिवस पुरेल?”