रिलीव्हर

पिंपरी-चिंचवडला म्हाताऱ्यांची सवय नाही. हे शहर वसवलं तरुण हातांनी. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनसाठी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९६२ नंतर एमआयडीसीने इथल्या माळांवर प्लॉट पाडले आणि १९७२ च्या दुष्काळाने माणसं पुरवली. माण, खटाव, करमाळा, आष्टी, कुठून कुठून पोरं पत्र्याची पेटी घेऊन उतरली. माझे वडील, दादा, त्यांतलेच. भोसरीच्या एका वर्कशॉपात हेल्पर म्हणून लागले, टर्नर म्हणून निवृत्त झाले. त्यांचे आईवडील मात्र माणमध्येच राहिले. दादा दर महिन्याला मनिऑर्डर करत. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं केलं ते चुलत्यांनी आणि चुलतीने. आजोबा गेल्याची तार आली तेव्हा दादा लेथवर उभे होते.

म्हणजे दादांनी आपल्या वडिलांना आंघोळ घातलेली मी कधी पाहिली नाही. पंक्चर काढायला, व्हर्निअर धरायला, पगाराच्या दिवशी आधी किराणा भरायला मी त्यांच्याकडूनच शिकलो. हे तेवढं शिकायचं राहिलं. आमच्या कॉलनीतल्या कितीतरी घरांची हीच गत आहे. म्हातारपण गावी असायचं, दिवाळीला भेटायचं. आता ते पहिल्यांदाच इथल्या दोन खोल्यांत मुक्कामाला आलं आहे.

पक्षाघाताने दादांची उजवी बाजू नेली. मायक्रोमीटर लावण्याआधी बोटांनी चाचपून जॉबचं माप सांगणारा तो हात. आई नाही. मी चाकणला गाड्यांच्या असेंब्ली लाइनवर, बायको चिंचवडच्या एका पतसंस्थेत, मुलगी दुसरीत आणि मुलगा तीन वर्षांचा. मित्रांशी बदलून बदलून मी शक्यतो सेकंड शिफ्ट घेतो. सकाळ माझी: डबे, शाळा, दादांची आंघोळ, व्यायाम, औषधं. दुपारी खालच्या मजल्यावरच्या काकू येऊन बसतात आणि सहानंतर सगळं बायकोवर. लाइनवर मोबाइल चालत नाही, तो लॉकरमध्ये. चहाच्या सुट्टीत लॉकर उघडेपर्यंत पोटात गोळा असतो. रात्री कंपनीची बस तळेगाव चौकातल्या कंटेनरच्या रांगेत उभी राहिली की घरी सगळे झोपलेलेच सापडणार हे ठरलेलं.

लाइनवर एक शिस्त असते. रिलीव्हर येऊन उभा राहिल्याशिवाय आपली जागा सोडायची नाही, मग तहान लागो की काही होवो. आमचा संसार सध्या याच शिस्तीवर चालला आहे. एक दारातून आत आला की दुसऱ्याने बाहेर पडायचं. यात नवराबायको एकमेकांना भेटतात किती? आमच्यात औषधांची एक वही आहे. बीपी किती, गोळी दिली का, जेवण किती गेलं, असं त्यात लिहायचं. हळूहळू त्या नोंदींखाली दुसरी अक्षरं यायला लागली. ‘छोट्याला ताप नाही, काळजी करू नको.’ ‘तुझी पाठ कशी आहे?’ एका रात्री बीपीच्या आकड्याखाली नुसतं लिहिलेलं होतं, ‘रविवारी अर्धा तास फक्त माझ्याशी बोल.’ आम्ही त्या रविवारी गच्चीवर जाऊन बसलो. बोललो बहुतेक दादांविषयीच, पण शेजारी बसून बोललो. मला ते फार हवं होतं.

कायद्याच्या हिशोबात हे काम कुठेच बसत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने कारखान्यात पाळणाघर हवं की नको हे तिथल्या बायकांच्या संख्येवरून ठरवलं. बापालाही मूल असतं हे त्यात धरलेलं नव्हतं. ईएसआयमध्ये अवलंबून असलेल्या आईवडिलांवर उपचार होतात, ही मोठीच गोष्ट आहे. पण वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, पगाराच्या सत्तर टक्क्यांनी जो आजारपणाचा पैसा मिळतो, तो कामगार स्वतः आजारी पडला तरच. वडिलांसाठी उरते ती भरपगारी रजा, कामाच्या वीस दिवसांमागे एक. ती मुलीच्या गॅदरिंगला वापरायची की दादांच्या तपासणीला, हे दर वेळी आम्हाला ठरवावं लागतं. मला वाटतं, वडिलांना उठवून बसवणाऱ्या माणसाला रजा मागताना मान खाली घालावी लागू नये.

लोक सहज म्हणून जातात, ‘म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण, तुला दोनाची तीन मुलं झाली.’ मला हे मुळीच पटत नाही. मुलाला भरवायला घेतलं की ते चिमणीसारखं तोंड उघडतं. दादा आधी दाराकडे बघतात, कोणी पाहत नाही ना, आणि मग घास घेतात. मुलाची चड्डी बदलताना ते हसतं, पळतं. दादा डोळे मिटून घेतात. आपल्यासाठी कोण काय सोडतंय हे त्यांना पुरतं कळतं. म्हणून मी त्यांच्याशी लाडात बोलत नाही आणि मुलांनाही बोलू देत नाही. दाढी करताना विचारतो, ‘दादा, कल्ले किती ठेवू?’ ते डाव्या हाताने खूण करून दाखवतात, आणि माप चुकलं तर रागावतात. त्यांचं ते रागावणं मला हवंसं वाटतं.

फिजिओथेरपीच्या बाकावर दादांच्याच वयाचे फिटर, वेल्डर, टर्नर बसलेले असतात. शेजारी गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अडकवलेले मुलगे. ‘गाव कुठलं?’ आणि ‘कुठल्या कंपनीत होता?’ हे दोन प्रश्न झाले की ओळख पक्की. मागे एका वेल्डरकाकांनी दादांना विचारलं, ‘तुमच्या वडलांचं कुणी केलं हो?’ दादांना शब्द जुळवायला वेळ लागतो. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘भावानं. वहिनीनं.’

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी मला चुलत्यांना फोन लावायला सांगितला. आता दर रविवारी लावतो. चुलत्यांना ऐकू कमी येतं, दादांचे शब्द अडखळतात, म्हणून मधे मुलगी ओरडून निरोप पोचवते आणि धाकटा उगाचच ओरडतो. चैत्रात शिखर शिंगणापूरच्या यात्रेला यायचं, असं चुलत्यांचं म्हणणं आहे. दादांना गाडीत आडवं करून न्यावं लागेल, बायकोला पतसंस्थेतून सुट्टी मिळायला हवी. मी चार दिवसांच्या रजेचा अर्ज आत्ताच टाकून ठेवला आहे.