मीटर म्हणाला १२२०

भट्टीतला मग उचलायला गेले तर त्याच्यासोबत शेल्फही वर आला. निळं ग्लेझ ओघळून मगाच्या बुडाखाली उतरलं होतं आणि तिथंच काचेसारखं घट्ट बसलं होतं. शेजारचे तीन, मागचे दोन, सगळ्यांची तीच गत. आदल्या रात्री कंट्रोलरवर १२२० हा आकडा मी स्वतः पाहिला होता. त्याच आकड्यावर भट्टी बंद झाली होती आणि मी निवांत झोपले होते.

खरं काय घडलं ते कोनांनी सांगितलं. कोन म्हणजे ठरावीक उष्णतेला वाकणारे मातीचे बोटभर सुळके. जर्मनीत हर्मान सीगरने १८८६ मध्ये ते बनवले, दहा वर्षांनी अमेरिकेत एडवर्ड ऑर्टनने. भट्टीच्या भोकासमोर मी पाच, सहा आणि सात नंबरचे कोन लावले होते. पाचने लोळायचं, सहाने मान टाकायची, सातने ताठ उभं राहायचं, असा त्यांचा हिशेब. तिघंही आडवे पडले होते. म्हणजे भट्टी १२२० च्या बरीच पुढे गेली होती आणि मीटरला त्याची गंधवार्ता नव्हती.

आमच्या रोह्यात ग्लेझची भांडी भाजणारे शोधून सापडायचे नाहीत. तासाभराच्या वाटेवर पेण. तिथं मातीचं सगळं राज्य गणपतींचं, पण शाडूची मूर्ती उन्हावाऱ्यात वाळते, भट्टीत जात नाही. वीटभट्टीवाले धुराचा रंग आणि विटेचा आवाज बघून ठरवतात. तापमान मोजणारी माणसं मात्र रोह्यात रग्गड आहेत. गावाला लागून धाटावची औद्योगिक वसाहत, तिथले रासायनिक कारखाने, त्यांच्यातले रिॲक्टर आणि बॉयलर. या सगळ्याच्या अंगावर काटे आणि आकडे लावण्यात हयात घालवलेले एक काका आमच्या शेजारी राहतात. निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. मगांची कथा ऐकून ते मल्टिमीटर घेऊनच आले.

"पीटी-हंड्रेड आहे का?" हा पहिला प्रश्न. कारखान्यात त्यांचा दिवस या प्लॅटिनमच्या सेन्सरबरोबर जायचा, पण त्याचा प्रांत साधारण सहाशे अंशांपर्यंतचा. भट्टीत लागतं थर्मोकपल. काकांनी भट्टीच्या मागून ते ओढून काढलं: दोन वेगळ्या मिश्रधातूंच्या तारा, टोकाशी वितळवून जोडलेल्या, वर चिनी मातीचे मणी ओवलेले. मणी काळे पडले होते. तारांवरून राखाडी पापुद्रे सुटत होते आणि टोकाजवळ तार निम्मीच उरली होती.

"अगं, हा म्हातारा झालाय. याला चष्मा लागलाय."

दोन निराळ्या धातूंचे सांधे वेगवेगळ्या तापमानाला ठेवले की तारेत वीज खेळते, हे सीबेकने १८२१ मध्ये दाखवलं. माझ्या भट्टीतल्या के-टाइप थर्मोकपलमध्ये ती दर अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट असते. १२०० अंशांना होतात ४८.८ मिलिव्होल्ट, म्हणजे टॉर्चच्या एका सेलच्या तिसाव्या हिश्शाइतकी. एवढ्याशा विजेच्या भरवशावर आपण पंधरा दिवसांचं काम सोडून झोपायला जातो!

काकांनी चहाच्या पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, थर्मोकपलचं टोक त्यात बुडवलं आणि मीटर लावला. खोलीत तीस अंश होते, त्यामुळे मीटरवर २.९ मिलिव्होल्टच्या आसपास यायला हवे होते. ते आलेही. मी म्हटलं, "म्हणजे चांगलं आहे की!" काका हसले. वीज टोकाशी तयार होत नाही, असं त्यांनी समजावलं. तार जिथं गरमकडून गारकडे जाते त्या सगळ्या लांबीत ती तयार होते. भट्टीत ही लांबी म्हणजे भिंतीतली आणि तिच्या आतबाहेरची तार. नेमका तोच भाग सडला असेल तर पाण्यात पास झालेलं थर्मोकपल भट्टीत नापास होतं. आणि नापास होतं ते बहुधा एकाच बाजूने, कमी दाखवत. कंट्रोलर बिचारा कमी दिसतंय म्हणून आणखी वीज ओततो.

सडण्याचं कारण निम्मं वयाचं होतं, निम्मं माझं. बाराशेवर वारंवार चालवलं की के-टाइप झिजतंच. पण प्राणवायू कमी असेल तर साधारण ८०० ते १०५० अंशांच्या पट्ट्यात त्याच्या एका तारेतलं क्रोमियम वेचून खाल्लं जातं. कारखान्यात याला ग्रीन रॉट म्हणतात, कारण तारेवर हिरवट थर येतो. मी वीज वाचवायला पहिल्या, ग्लेझ लावण्याआधीच्या भाजणीतही भोकाचं बूच लावून ठेवायचे. मातीत कागदाचा लगदा मिसळलेला, त्याच्या धुराला बाहेर जायला वाटच नसायची. आता सातशे-आठशेपर्यंत बूच काढलेलं असतं. विजेचं बिल किंचित वाढलंय, ते परवडतं.

नवं थर्मोकपल अल्युमिनाच्या बंद तोंडाच्या नळीत बसवलेलं घेतलं. प्लॅटिनम-ऱ्होडियमचं एस-टाइप याहून टिकाऊ, पण त्याची किंमत ऐकून मी विषय बदलला. नळी ग्लेझच्या वाफांपासून तारांना वाचवते, मात्र स्वतः काचेच्या बांगडीइतकी नाजूक असते. भट्टी भरताना शेल्फचा कोपरा लागला की संपली. म्हणून तिच्याभोवती दोन-तीन इंच जागा मोकळी सोडायची, भिंतीच्या आत ती इंच-दीड इंच तरी डोकावायला हवी, आणि भोकात सिरॅमिक फायबर हलक्या हाताने भरायचं. ठासून भरलं तर तापून लांबणारी नळी अडकते. फायबर हाताळताना तोंडाला मास्क हवाच.

जोडणीला एक इलेक्ट्रिशियन बोलावला. त्याने लाल वायर धनाला लावली. घरच्या सवयीने बरोबरच. पण माझी केबल अमेरिकी रंगपद्धतीची, तिच्यात लाल म्हणजे ऋण. भट्टी सुरू केली आणि आकडा ३१ वरून खाली जाऊ लागला. २६. १९. कंट्रोलरच्या लेखी भट्टी गार पडत होती, म्हणून तो पूर्ण ताकदीने तापवत होता. झोपलेली असते तर कॉइल जाईपर्यंत हेच चाललं असतं. काकांनी मेन स्विच पाडला आणि फ्रिजवरचं चुंबक आणायला सांगितलं. के-टाइपची ऋण तार चुंबकाला हलकेच चिकटते, धन तार चिकटत नाही. रंगांवर विश्वास ठेवण्यापेक्षा हे बरं.

थर्मोकपलच्या भट्टीबाहेरच्या, तारा जोडायच्या डोक्यापासून कंट्रोलरपर्यंत त्याच जातीची केबल हवी, हेही तेव्हाच कळलं. तिथं साधी तांब्याची वायर जोडली, डोकं सत्तर अंशांवर आणि कंट्रोलर पस्तीसवर असेल, तर मधले पस्तीस अंश हिशेबातून गायब होतात.

उरला पाऊस. जूनमध्ये कुंडलिका नदी भरून वाहू लागली की घरातल्या मिठालासुद्धा पाणी सुटतं. डोक्यातले पितळी स्क्रू तर हिरवे पडणारच. दर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ते उघडून घासते, पुन्हा आवळते.

नव्या नळीच्या डोक्यावर मार्करने तारीख लिहिली आहे आणि भट्टीच्या वहीत दर भाजणीचा आकडा व कोनांची अवस्था शेजारी शेजारी नोंदते. पहिल्या भाजणीत १२२० ला सातनेही मान टाकली. दुसऱ्यांदा १२१० ठेवले, तर सहा अर्धाच वाकला. परवा १२१४ वर बंद केली: पाच लोळला, सहाची मान खाली, सात ताठ.