झोपेची पावती

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसच्या दारात कार्ड स्वाइप केलं, 'टुक्' असा आवाज आला, की आपला वीकएन्ड सुरू! मग कुणी लोणावळ्याला पळतं, कुणी मल्टिप्लेक्समध्ये घुसतं, कुणी दोन दिवस नुसतं लोळतं. बॉसचा फोन आलाच तर 'सर, सोमवारी बघू' असं म्हणायची सोय असते. म्हणजे निदान तसं म्हणावंसं वाटतं तरी!

असंच एक कार्ड ट्रक ड्रायव्हरकडेही असतं. आपल्याकडे नाही, युरोपात. तिकडच्या ट्रकमध्ये डॅशबोर्डच्या आसपास कारच्या म्युझिक सिस्टीमएवढी एक डबी बसवलेली असते. तिचं नाव डिजिटल टॅकोग्राफ. ड्रायव्हरने त्यात आपलं कार्ड सरकवायचं, की त्याचा अख्खा दिवस मिनिटामिनिटाने नोंदला जातो. गाडी चालवली तर स्टीअरिंगचं चित्र. माल चढवला-उतरवला तर दोन हातोड्यांचं. नुसतं ताटकळत थांबला तर तिरकी रेघ मारलेला चौकोन. आणि आराम केला तर... चक्क पलंगाचं चित्र!

हा पलंग माझ्या आयुष्यात आला तो बीडमधून. माझा मामेभाऊ २६ वर्षांचा, बीडजवळच्याच गावचा. बाप ट्रक ड्रायव्हर, म्हणून हाही ट्रक ड्रायव्हर. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्यात ड्रायव्हरही हवेत असं कळल्यावर पठ्ठ्याने जर्मन भाषेचं पुस्तकच आणलं. एका रात्री मला फोन. "ताई, तू पत्रकार आहेस ना? मग हे टॅकोग्राफ काय असतं ते नीट शोधून सांग. तिकडं गाडी चालवायला आली न आली तरी चालंल म्हणे, हे यायलाच पाहिजे."

मग मी शोधलं. गंमत म्हणजे, टॅकोग्राफचं माहेरघर त्याच राज्यात निघालं. ब्लॅक फॉरेस्टच्या कुशीतल्या व्हिलिंगेन गावात. आधी घड्याळासारख्या गोल कागदी चकतीवर सुईने रेघा उमटायच्या. १ मे २००६ पासून युरोपीय संघातल्या नव्या मोठ्या ट्रकना डिजिटल डबी सक्तीची झाली. नियम असे : साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं ब्रेक. दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून फार तर दोनदा १०. रोज सलग ११ तास विश्रांती, काही दिवस ९ वर भागवता येते. आणि वीकएन्डला सलग ४५ तास सुट्टी, जी ट्रकच्या केबिनमध्ये काढायची नाही! मध्ये कधी २४ तासांची छोटी सुट्टी चालते, पण उरलेले तास नंतर भरून द्यावे लागतात.

पण मला सगळ्यात भारी वाटली ती वेगळीच गोष्ट. ट्रक थांबला की ही डबी 'ड्रायव्हर आराम करतोय' असं समजत नाही. ती आपोआप हातोड्यांवर जाते. म्हणजे गाडी उभी, पण माणूस कामावर! पलंगाचं बटण ड्रायव्हरने स्वतः दाबायचं. रात्री झोपण्याआधी ते दाबायला विसरला, तर सकाळी रेकॉर्ड सांगतं की साहेब रात्रभर काम करत होते. शनिवार-रविवारी कार्ड काढून घरी नेलं, तर सोमवारी परत घालताना डबी विचारते, मधल्या वेळात काय केलंत? मग अमुक वाजल्यापासून तमुक वाजेपर्यंत पलंग, अशी हाताने नोंद करायची. नाही केली तर त्या तासांपुढे प्रश्नचिन्ह. रस्त्यात अडवणारा अधिकारी आजचा दिवस आणि मागचे ५६ दिवस तपासू शकतो. थोडक्यात काय, तर तिथे विश्रांती हा रिकामा वेळ नाही. त्याचा हिशेब द्यावा लागतो.

गेल्या दिवाळीत बीडला गेले तेव्हा मांजरसुंब्याच्या चौफुलीवर चहा पिता पिता मी हे सगळं मामांना सांगितलं. मामा मोठ्यांदा हसले.

"म्हंजी झोपल्याची पावती! आगं माय, हितं झोपल्याची पावती कोन देतंय? हितं जागल्याची बी देत नाय कुनी."

मामांची गाडी त्यांच्या मालकीची नाही. वर्षातले सहा-सात महिने कापसाच्या गाठी, सिमेंट, मिळेल तो माल. आणि दिवाळी झाली की ऊस. बीडमधून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघतात, तेव्हा कोयते, भांडीकुंडी, पोरंबाळं सगळं घेऊन ट्रकही निघतात. मग गाळप संपेपर्यंत फडातून कारखान्यात, कारखान्यातून फडात.

या सगळ्यात मोजलं काही जात नाही असं नाही हं! उलट सगळंच मोजलं जातं. टोलनाक्यावर फास्टॅगचे पैसे कटले की मालकाला मेसेज. जीपीएसवर गाडीचा ठिपका, चालू असली तर हिरवा, उभी असली तर लाल. लाल ठिपका दहा-पंधरा मिनिटं टिकला की फोन : "गाडी काहून थांबली?" मालाच्या ई-वे बिलालाही मुदत, दर २०० किलोमीटरला एक दिवस. स्पीड गव्हर्नर आहे, तो वेग ८० च्या वर जाऊ देत नाही. वेग मोजला, माल मोजला, टोल मोजला, ठिपकाही मोजला. पण स्टीअरिंगमागचा माणूस किती तास जागा आहे, ते कुठल्याच स्क्रीनवर दिसत नाही.

ऑफिसच्या चॅटवर आपला ठिपका पिवळा झाला की टीम लीडचं 'आहेस का?' येतं ना? तसंच. फक्त आपण डुलकी काढली तर कॉफी सांडते.

मामांनी डुलकी काढली तेव्हा मांजरसुंब्याच्या घाटात गाडी कठड्याला घासली. पहाटेचे चार वाजले होते. शेजारच्या सीटवर मामेभाऊ होता, त्याने ओरडून स्टीअरिंगला हात घातला म्हणून दोघं वाचले. मामीला आजही हे अर्धवटच माहीत आहे. गाडीच्या दुरुस्तीचा खर्च मामांच्या पगारातून हप्त्याहप्त्याने कापला गेला. त्या रात्रीचा सगळा कागदोपत्री पुरावा शाबूत होता. टोलची वेळ, बिल्टी, डिझेलची पावती. मामा त्या वेळी सलग किती तास जागे होते, त्याचा मात्र एकही कागद नव्हता. मामेभावाने जर्मनचं पुस्तक आणलं ते त्यानंतर महिन्याभराने. मी शहाणपणा करून 'तिकडे पगार किती?' असं विचारलं, तर म्हणाला, "पगाराचं नंतर बघू. तिकडं झोपू देतात."

आता तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कायदा नाही का? होता की! १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि सलग पाच तास झाले की अर्धा तास विश्रांती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानेही ड्रायव्हरसाठी याच तासांवर बोट ठेवलं. २१ नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात हा जुना कायदा विलीन झाला. आठ तासांचा दिवस तिथेही आहेच. पण हे तास मोजणार कोण? सेव्हलाइफ फाउंडेशनने १० शहरांतल्या १२०० हून जास्त ट्रक ड्रायव्हरांशी बोलून २०२० मध्ये अहवाल काढला. त्यात ड्रायव्हर दिवसाला सरासरी ११.९ तास गाडी चालवतात असं दिसलं, आणि झोप आली, थकवा आला तरी गाडी चालवतो, असं जवळपास निम्म्यांनी सांगितलं. सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनीही ड्रायव्हरचे तास ठरवून द्यावेत, झोप ओळखणारे सेन्सर बसवावेत, असं म्हटलं होतं. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली. छानच झालं. पण गार हवेत जागायचं की झोपायचं, हे एसी थोडंच ठरवणार?

मामांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. "मशीन बसवलं की फेऱ्या कमी. फेऱ्या कमी की भत्ता कमी. मग झोपून खायचं काय?" आणि ते काही चुकीचं नव्हतं. आपल्याकडचा ड्रायव्हर पोट भरतो ते फेरीवर, तासावर नाही. युरोपातल्या नियमात त्याचीही तरतूद आहे. रस्त्यावरची सुरक्षितता धोक्यात येईल अशा तऱ्हेने किलोमीटरवर किंवा मालावर पैसे द्यायला मनाई आहे. म्हणजे नुसती डबी बसवून भागत नाही, पगाराची पद्धतही बदलावी लागते. शिवाय गाडी उभी करायला सुरक्षित जागा लागते. मामा थांबतात तिथे डिझेल चोरीला जातं, म्हणून झोपेतही एक कान टाकीकडेच. आणि तिकडेही सगळे साधुसंत नाहीत बरं का! सेन्सरला लोहचुंबक लावणारे, दुसऱ्याचं कार्ड वापरणारे तिथेही सापडतात.

बापलेकांचं यावर चांगलंच वाजलं. शेवटी मामेभावाने शाळेतली एक जुनी वही काढली. पानापानावर चार रकाने आखले. स्टीअरिंग, हातोडे, चौकोन, पलंग. हंगामाला निघताना ती मामांच्या हातात दिली. "पप्पा, आठ दिवस भरा फक्त. पुढं नका भरू." मामांनी कुरकुर करत ती डॅशबोर्डवर टाकली.

जानेवारीत व्हॉट्सअॅपवर पानांचे फोटो आले. अक्षर वाकडंतिकडं, पण नोंद चोख. चौकोनाचा रकाना ओसंडून वाहत होता. कारखान्याच्या यार्डात ट्रकचा नंबर लागायला बारा-बारा, पंधरा-पंधरा तास. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, हाच तर आराम! पण रांगेतली पुढची गाडी सरकली की आपली सरकवायची, नाही तर मागचा मध्ये घुसतो. वीस मिनिटं डोळा लागतो, एक मिनिट गाडी पुढे, पुन्हा वीस मिनिटं. टॅकोग्राफच्या हिशेबात ही विश्रांती धरलीच जात नाही. सलग असेल तरच पलंग. गाडी हलली की पहिल्यापासून मोजायला सुरुवात.

आठ दिवसांत मामांची सगळ्यात मोठी सलग झोप होती ३ तास ४० मिनिटांची. एकदाच.

फोटोंच्या पाठोपाठ मामांचा व्हॉइस मेसेज होता. मागे ट्रॅक्टरवरची गाणी, माणसांचा गलका. आणि त्यात त्यांचा आवाज, नेहमीपेक्षा हळू : "एवढाच झोपलो का रं मी?"

पंचवीसहून जास्त वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला आपण किती झोपतो हे माहीत नव्हतं. त्याला ते कुणी विचारलंच नव्हतं. थकल्यासारखं वाटतं, ते वयामुळे असेल, असं तो समजत होता. वहीने त्याला फक्त बेरीज करून दाखवली.

मामांनी मालकाला फोन करून जोडीला दुसरा ड्रायव्हर मागितला. मालक म्हणाले, "हंगाम निम्मा झालाय, पुढच्या साली बघू." मग मामांनी स्वतःपुरता एक नियम केला. एक दिवसाआड, गाडी खाली झाली की ती यार्डाच्या कडेला लावायची, चावी क्लीनरकडे द्यायची आणि फोन बंद करायचा. पहिल्या दिवशी मालकाचे अकरा मिस्ड कॉल होते. दुसऱ्या खेपेला चार. महिन्याच्या भत्त्यात दोन फेऱ्यांचे पैसे कमी आले. मामीने विचारलं तेव्हा मामांनी पहिल्यांदा तिला घाटातली गोष्ट पूर्ण सांगितली. त्यानंतर तिने पैशांचा विषय काढला नाही.

मामेभावाची जर्मनची पुढची परीक्षा आता तोंडावर आली आहे. जर्मनीत रविवारी रात्री दहापर्यंत साडेसात टनांवरचे ट्रक एरवी रस्त्यावर आणताच येत नाहीत, हे मी सांगितलं तेव्हा त्याने दोनदा विचारून खात्री केली. मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "मंग तिकडं ऊस कव्हा वाहतात?"

वही आठ दिवसांनी बंद करायची होती. मामा अजून भरतात. परवा ताजी पानं आली. पलंगाच्या रकान्यात एक दिवसाआड सहा तास, सव्वासहा तास, सलग. रविवारच्या ओळीत मात्र अजून स्टीअरिंगच आहे.