रबराच्या पट्ट्यावर अख्खं इंजिन!

गाडीच्या इंजिनात एक दातेरी रबरी पट्टा असतो आणि अख्ख्या इंजिनाचा जीव त्याच्यावर असतो, हे मला परवा सोनारीतल्या गॅरेजात कळलं. तेव्हापासून भेटेल त्याला मी हेच सांगत सुटलोय!

मिस्त्रींनी जुन्या डिझेल इंडिकाचं कव्हर काढलं आणि आत तो टायमिंग बेल्ट दिसला. खाली क्रँकचं छोटं चाक, वर कॅमचं मोठं. "मोजा की दाते," मिस्त्री म्हणाले. मोजले, तर वरच्या चाकाला बरोब्बर दुप्पट! म्हणजे पिस्टन हलवणारा क्रँक दोनदा फिरला की वॉल्व्ह उघडणारा कॅम एकदा फिरतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक वॉल्व्ह सेकंदाला 25 वेळा उघडतो आणि मिटतो. बार्शीपर्यंत जाईतो किती वेळा झालं असेल, विचार करा! आणि एकदाही चूक नाही.

चूक परवडतच नाही. जुन्या डिझेल इंजिनात हवा वीसेक पट दाबली जाते, त्यामुळे पिस्टन वर आला की त्याच्या डोक्यावर जागा उरते ती अगदी नावाला. उघडा वॉल्व्ह ज्या जागेत उतरतो, तिथेच क्षणभरानं पिस्टन येतो. दोघांची गाठ पडू नये याची सगळी जबाबदारी पट्ट्यावर. तो तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही वॉल्व्ह उघडेच राहतात. चाकं मात्र पळत असतात, क्रँक फिरत राहतो आणि खालून पिस्टन येऊन आदळतो.

असल्या धडकेतून निघालेला एक वॉल्व्ह मिस्त्रींनी माझ्या हातात दिला. नुसत्या डोळ्यांना वाकलेला दिसेना. फरशीवर लोळवला आणि बघतो तर त्याची दांडी उड्या मारायला लागली! एवढ्याशा बाकानं तो नीट बसत नाही आणि कॉम्प्रेशन जातं. मग हेड उतरवायचं, वॉल्व्ह बदलायचे, पिस्टनला मार बसलाय का बघायचं. वॉल्व्हचं डोकंच तुटून आत पडलं तर पिस्टनही गेला. वेळेवर बेल्ट बदलायचा खर्च याच्यापुढं काहीच नाही.

मला तर या पट्ट्याचा इतिहासही भारी वाटला. 1940च्या दशकात अमेरिकेत असा दातेरी पट्टा शिलाई मशिनसाठी निघाला, सुई आणि बॉबिन यांचा मेळ राहावा म्हणून! तो विकायच्या मोटारीत आला 1960च्या दशकाच्या सुरुवातीला, जर्मनीतल्या ग्लास 1004 मध्ये.

बदलायचा कधी? गाडीच्या पुस्तकात किलोमीटर आणि वर्षं दोन्ही दिलेली असतात. आधी जे भरेल ते खरं. बऱ्याच गाड्यांना 60,000 ते 1,00,000 किलोमीटर, काहींना त्याहून जास्त. आपल्याकडं वर्षांवर नजर पाहिजे. गाडी उन्हात दारात उभी, जाणं फार तर परंड्यापर्यंत. किलोमीटर भरत नाहीत, रबर मात्र म्हातारं होतं. पुण्याहून आणलेली जुनी गाडी असेल आणि बेल्ट कधी बदलला याचा पुरावा नसेल, तर मीटरवर विश्वास न ठेवता नवा टाकावा. चैत्रात सोनारीच्या काळभैरवनाथाच्या यात्रेला पाहुण्यांची ने-आण सुरू व्हायच्या आत!

कारण बेल्ट सांगून तुटत नाही. काही इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते, ती सैल झाली की खडखडते. बेल्ट बहुतेक वेळा गप्पच असतो. सील गळून ऑइल लागलं तर तो मुदतीआधीच फुगतो, सोलतो. चालती गाडी एकदम बंद पडली आणि सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीपेक्षा मोकळं, भराभर फिरलं, तर तिथेच थांबा. पुन्हा सेल्फ नको आणि धक्का तर अजिबात नको.

सगळ्याच गाड्यांना बेल्ट नसतो. मारुती 800, इंडिका आणि जुन्या अडीच लिटर डिझेल इनोव्हाला बेल्ट, 1.3 डिझेल स्विफ्ट आणि 2.4 डिझेल क्रिस्टाला चेन. आपल्या गाडीला काय आहे, एवढं आजच विचारा.

बेल्ट बदलताना तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरची आणि आयडलरची बेअरिंगं सोबतच बदलायची. वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही, नाहीतर उद्या पंपासाठी सगळं पुन्हा उघडा! त्या इंडिकाला नवा बेल्ट चढवताना मिस्त्रींनी शेवटी चाकांवरच्या खुणा जुळवल्या, पान्यानं क्रँक हातानं पूर्ण दोन फेरे फिरवला आणि खुणा परत तपासल्या. जुळल्या, तेव्हाच त्यांनी मला सेल्फ मारायला सांगितलं.