टॅबवरील वाचन आणि घरातील स्वाध्याय

व्यापारी घरात नवी वस्तू आली की तिच्याविषयी दोन प्रश्न हमखास विचारले जातात : किंमत किती आणि उपयोग काय. मुलांच्या अभ्यासासाठी घेतलेल्या टॅबच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न बारकाईने विचारला जातो आणि दुसरा बहुधा विसरला जातो. टॅबमध्ये शैक्षणिक ॲप आहेत, मूल शांत बसून त्यावर बोट फिरवीत आहे, एवढ्यावर घराचे समाधान होते. त्या बोट फिरवण्यातून मुलाला वाचता येऊ लागले की नाही, हे पाहायचे राहून जाते.

जुईनगरमधील एका जैन कुटुंबाला हा विसरलेला प्रश्न रेल्वे स्थानकावरील एका फलकाने विचारला. तुर्भे-वाशीच्या बाजार समितीत या कुटुंबाचा मसाल्याचा गाळा आहे. घरात गुजराती बोलली जाते, आठ वर्षांचा नातू इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो आणि गाळ्यावर माथाडींशी, गिऱ्हाइकांशी बोलणे मराठी-हिंदीत चालते. महाराष्ट्राच्या 2020 च्या कायद्याने राज्यातील सर्व माध्यमांच्या आणि सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली. त्यामुळे नातवाच्या दप्तरात मराठीचे पुस्तक आले. पण त्याची आई सौराष्ट्रातली, आजीचे शिक्षण गुजराती शाळेतले, वडील सकाळपासून बाजारात. साहजिकच मराठी शिकवण्याचे काम टॅबवर सोपवले गेले. त्यातील ॲपमध्ये चित्र दिसे, खाली चार शब्द येत आणि योग्य शब्दाला स्पर्श केला की एक तारा मिळे. काही महिन्यांत तीनशेवर तारे जमले. घरात कौतुक झाले.

एका रविवारी आजोबा नातवाला घेऊन ठाण्याच्या गाडीत बसले. जुईनगरच्या पुढचे स्थानक तुर्भे. गाडी थांबली तेव्हा मुलाने इंग्रजीतील नाव झटकन वाचले. आजोबांनी मराठीतील नावाकडे बोट दाखवले. तेही तेच नाव असणार, हे मुलाने ओळखले, पण अक्षरे निरखून तो म्हणाला, "दादा, यात र कुठे आहे?" 'भे'च्या डोक्यावरचा रफार त्याच्या ओळखीचा नव्हता. घरी आल्यावर आजोबांनी कागदावर 'सूर्य' लिहून दिले. ॲपमध्ये हा शब्द त्याने कितीतरी वेळा बरोबर निवडला होता. कागदावर सूर्याचे चित्र नव्हते, त्यामुळे तो शब्द त्याला वाचता आला नाही. मुलगा चित्रे ओळखायला शिकला होता. चुकल्यास दुसऱ्या शब्दावर बोट ठेवण्याची सोय होती आणि तारा तरीही मिळत होता. मुलाने लबाडी केली नव्हती. यंत्राने जे मागितले, ते त्याने दिले होते.

घरात काळजी शिरली की विक्रेत्याला दार उघडे मिळते. त्याच सुमारास एका कंपनीचा प्रतिनिधी घरी आला. त्याने मुलाची छोटी परीक्षा घेतली, मूल मागे पडल्याचे सांगितले आणि टॅबसह तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुचवला. रक्कम मोठी होती, पण मासिक हप्ता लहान दिसत होता. आजोबांनी कागद शांतपणे वाचले. ती अभ्यासक्रमाची फी नसून वित्तसंस्थेचे कर्ज होते आणि हप्ता खात्यातून आपोआप वळता करण्याचे संमतिपत्र सोबत जोडलेले होते. "माल पसंत पडला नाही, तर हप्ते थांबतील का?" या व्यापाऱ्याच्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही. सही झाली नाही. असे अनुभव देशात इतक्या ठिकाणी आले की केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर 2021 मध्ये पालकांसाठी सूचनापत्र काढले. अशा कंपन्यांना पैसे आपोआप वळते करण्याची संमती देणे टाळावे आणि अटी नीट वाचाव्यात, असा सल्ला त्यात आहे. प्रत्येक पालकाने तो लक्षात ठेवावा.

मात्र यावरून टॅब हीच वाईट वस्तू असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्यापुढेही भाषेचीच अडचण होती. मुलांची बोली कन्नड आणि पुस्तकांची भाषा वेगळी. त्यांनी पाठ मुलांच्या भाषेत आणले आणि पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड छापून त्यांना ध्वनिमुद्रित कविता व चित्रफिती जोडल्या. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांनीही क्यूआर कोड स्वीकारला. 2020 मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' हा जागतिक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांना वाटून दिली. ज्या समाजात अपरिग्रह हे व्रत मानले जाते, त्याने या उदाहरणाची नोंद घ्यावी. या प्रयोगात पुस्तक बाजूला सारले गेले नाही. यंत्राचा रस्ता पुस्तकाच्या पानातूनच गेला.

विनामूल्य साधनेही थोडी नाहीत. 'प्रथम बुक्स'ने 2015 मध्ये सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर'वर वाचनाच्या पायऱ्यांनुसार लावलेल्या मराठी गोष्टी आहेत आणि त्या छापूनही घेता येतात. बालभारतीची पुस्तके पडद्यावर उपलब्ध आहेत. गूगलने 2019 मध्ये 'बोलो' नावाने आणलेले आणि नंतर 'रीड अलाँग' झालेले ॲप मुलाला मोठ्याने वाचायला लावी, त्याचा उच्चार ऐके आणि अडलेला शब्द उच्चारून दाखवी. निवडलेल्या शब्दाला तारा देणे आणि उच्चारलेला शब्द ऐकणे, या दोहोंत फार मोठे अंतर आहे. साधन निवडताना पालकांनी हे अंतर आधी पाहावे.

तरीही उत्तम साधनाला मर्यादा आहेच, आणि ती कोठे आहे हे समजण्यासाठी जैन परंपरेकडे एक जुने माप आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. म्हणजे पाठ घेणे, शंका विचारणे, मनात घोळवणे, पुन्हा पुन्हा म्हणणे आणि दुसऱ्याला सांगणे. हे प्रकार शास्त्राच्या अध्ययनासाठी सांगितलेले आहेत. पण लहान मुलाच्या वाचनालाही ते लागू पडतात. यांपैकी वाचना आणि आम्नाय ही दोन कामे यंत्र न थकता करते. शंभरदा विचारले तरी ते चिडत नाही, हा त्याचा मोठा गुण. शंका मात्र समोर माणूस असेल तरच मोकळेपणाने विचारली जाते. मनात घोळवायला निवांतपणा लागतो, आणि पुढच्या ताऱ्याची घाई तोच हिरावून घेते. दुसऱ्याला सांगायचे तर ऐकणारे कोणी हवे.

जुईनगरच्या त्या घरात ऐकणारे माणूस होते. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपले की अर्धा तास नातू आणि बा एकत्र बसू लागले. गोष्ट टॅबवरचीच, पण मुलाने ती मोठ्याने वाचायची आणि नंतर टॅब कपाटावर ठेवून स्वतःच्या शब्दांत बांना सांगायची. पहिल्याच आठवड्यात रफाराचा घोळ पुन्हा आला. आपल्याला मराठी येत नाही असे बा वर्षानुवर्षे सांगत आल्या होत्या. त्यांनी पाटीवर गुजरातीत 'सूर्य' लिहिले. लिपीला शिरोरेखा नव्हती, पण डोक्यावरची ती आकडी हुबेहूब तशीच होती. "हाच तुझा र. आधी बोलायचा, नंतर खालचे अक्षर," असे त्यांनी समजावले. तीनशे ताऱ्यांनी जे शिकवले नव्हते, ते घरातल्या माणसाला आयुष्यभर ठाऊक होते. त्याला कोणी विचारले नव्हते एवढेच. पुढे 'पर्वत', 'वर्ग', 'पर्युषण' असे शब्द मुलगा स्वतःच शोधून आणू लागला आणि बा त्याच्याकडून मराठी शिकू लागल्या. चातुर्मासात गाळ्यावर गेला असता त्याने पोत्यांवरची नावे माथाडींना वाचून दाखवली. त्यांच्या शाबासकीचे मोल त्याला ताऱ्यांहून अधिक वाटले.

वेळेचे पथ्य अर्थातच हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शनानुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा देऊ नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासाची मर्यादा ओलांडू नये. मोठ्या मुलांसाठी घड्याळाइतकीच दुसरी एक कसोटी उपयोगी आहे : पडद्यावर शिकलेले पडद्याबाहेर वाचता येते का? दुकानाची पाटी, वर्तमानपत्राचा मथळा, पाठशाळेची पुस्तिका, लग्नाची पत्रिका यांपैकी काहीही मुलापुढे ठेवावे. चित्र नाही, चार पर्याय नाहीत, तारा नाही. तरीही वाचता आले तर टॅबचा खर्च सत्कारणी लागला.

ज्ञानपंचमीला अनेक घरांत पोथ्या, वह्या आणि लेखण्या पाटावर मांडून त्यांची पूजा होते. यंदा कोणी त्या पाटावर टॅबही ठेवला, तर हरकत घेण्याचे कारण नाही. त्या दिवशी घरातील मुलाने पूर्वी न पाहिलेले एक पान मोठ्याने वाचावे आणि मोठ्यांनी हातातील कामे ठेवून ते शेवटपर्यंत ऐकावे. या ऐकण्याला पैसे पडत नाहीत. फक्त घरातल्या कोणाला तरी रोज अर्धा तास बाजूला काढावा लागतो.