बदलीच्या गावचा हिवाळा

बदलीच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला कोणी "आपले गाव कोणते?" असे विचारले की तो क्षणभर थबकतो. जन्मगाव सांगावे तर तेथे आता आपले कोणी उरलेले नाही. नेमणुकीचे गाव सांगावे तर तेथे आपण कोणाचे नाही. मग तो आपल्या खात्याचे नाव सांगून वेळ निभावून नेतो. मी स्वतः गेली नऊ वर्षे भिलाई-दुर्ग या जोडशहरांतील मोहन नगरात राहतो, आणि विचारणाऱ्यास "सध्या भिलाईकडे" असे उत्तर देत आलो आहे. या 'सध्या'कडे माझे लक्ष अलीकडेच जाऊ लागले. पुढील वर्षी मी सेवानिवृत्त होईन. पुण्यास मुलाने घर घेऊन ठेवले आहे, आणि आम्ही उभयतांनी तेथे यावे असा त्याचा रास्त आग्रह आहे. प्रश्न सुटल्यासारखाच होता. येथला हिवाळा आड आला नसता तर तो सुटलाही असता.

छत्तीसगढचा उन्हाळा माणसाला घरात कोंडतो. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की शेजाऱ्याचे तोंडही दिसत नाही. पावसाळा सारा भाताच्या शेतांचा. आपण फक्त छत्र्या वाळवायच्या. कार्तिक उजाडला म्हणजे मात्र दारे उघडतात. अंगणात तुळशीचे लग्न लावण्याच्या गडबडीत आपण असावे तोच गल्लीच्या टोकाशी ढोल वाजू लागतो. येथे त्या एकादशीला जेठौनी म्हणतात, आणि तिच्या सुमारास राऊत मंडळी कवड्यांनी मढवलेली अंगरखी घालून, काठ्या उंचावून घरोघर नाचत येतात. दोहा म्हणतात, यजमानाचे अभीष्ट चिंतितात, पुढल्या दारी जातात. सुगी घरात आली की गावोगाव मडई भरते. भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांना हे सांगणे नलगे. त्यांच्याकडची दिवाळीनंतरची मंडई ती हीच, केवळ एका अनुस्वाराचे अंतर! आपला अनारसा आणि येथला अइरसा यांचेही असेच काही जुने नाते असावे. दोन्ही तांदळाचे, दोन्ही गुळाचे, आणि दोन्ही करणारणीची परीक्षा पाहणारे.

थंडीत पाहुणे येतात. महाराष्ट्रातून डिसेंबरात येणाऱ्या पाहुण्यास भिलाईत दाखवावे काय, ही प्रत्येक मराठी बिऱ्हाडाची वार्षिक विवंचना. पहिला मान अर्थातच मैत्री बागेचा. भारत-सोव्हिएत मैत्रीचे स्मारक म्हणून १९७२ साली उभारलेली ही बाग आणि प्राणिसंग्रहालय. येथले पांढरे वाघ हा मुलांच्या कौतुकाचा विषय, आणि येथले पुष्पप्रदर्शन म्हणजे शेवंती-डेलियांचा दरबार. कारखाना बाहेरूनच पाहायचा. सोव्हिएत संघाशी त्याचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केले ४ फेब्रुवारी १९५९ रोजी. दोन्ही मुहूर्त सरत्या थंडीतले. रशियाहून आलेल्या त्या तंत्रज्ञांना आमच्या कानटोप्या पाहून काय वाटले असेल, देव जाणे. लोखंडाची माती येते दल्ली-राजहऱ्याची, पाणी तांदुळा धरणाचे. ते धरण १९२१ साली पुरे झाले ते भातशेतीसाठी. पुढे त्याच पाण्यावर पोलादही पिकू लागले, ही गोष्ट मला फार सूचक वाटते. परंतु पाहुण्यांना ती सांगू लागलो की ते घड्याळ पाहतात.

त्यापेक्षा मी त्यांना देवबलोद्यास नेतो. कलचुरी काळातील ते शिवमंदिर. त्याचे शिखर अपुरेच राहिले. भिंतींवर मात्र नर्तक, वादक, शिकारी, हत्ती असे सारे गाव दाटीवाटीने कोरलेले आहे. शेजारी कुंड. थंडीच्या कोवळ्या उन्हात तेथे घटकाभर बसावे. महाशिवरात्रीस येथे जत्रा भरते, आणि ती पार पडली की आमच्याकडे गोधड्या पेटाऱ्यात जातात.

आपण येथे आलेले पहिले मराठी अधिकारी नव्हेत, याचाही विसर पडू नये. १७५८ साली नागपूरकर बिंबाजी भोसले रतनपुरास आले आणि १७८७ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्यांच्यामागून भोसल्यांनी सुभेदार नेमले. हे सुभेदार नागपुराहून येत, वसूल करीत, आणि मनाने नागपुरातच राहत असावेत असा माझा तर्क आहे. त्यांच्या ठायी आपल्याच वर्गाची लक्षणे दिसतात. उलट, ज्यांच्या हाती कसलाही हुकूम नव्हता ते येथे रुजले. माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, आणि दासबोध व टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेले. गजानन माधव मुक्तिबोध १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापक झाले. १९६४ साली मृत्यूने गाठेपर्यंत त्या तळ्याकाठच्या जुन्या वास्तूत त्यांनी हिंदी कवितेला नवे वळण दिले. घरी मराठी बोलणारा हा माणूस! मोहन नगरापासून ते ठिकाण आगगाडीने फार तर तासाभराचे. किती मराठी अधिकारी तेथे जाऊन आले, याची गणना कोणी न केलेलीच बरी.

मी काही सप्रे नव्हे, मुक्तिबोध तर नव्हेच. माझ्या घरी रुजण्याचे काम सौभाग्यवतींनी केले, आणि तेही मला न विचारता.

संक्रांतीचे हळदीकुंकू आमच्या गल्लीत आता मराठी राहिलेले नाही. कारखान्यासाठी साऱ्या देशातून माणसे आली, म्हणून भिलाईस लघुभारत म्हणतात. हे भाषणातले वाक्य रथसप्तमीपर्यंत आमच्या बैठकीत प्रत्यक्ष बसलेले असते. तेलुगू गृहिणी हळद हाताने नव्हे, गळ्याला लावून घेते. बंगाली वहिनी तिळाच्या लाडवांची आपल्याकडच्या लाडवांशी तुलना करते, आणि निकाल नेहमी आपल्याच बाजूने देते. 'गोड बोला' या वाक्याचे चार भाषांतले उच्चार ऐकावयास मिळतात. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्रामागे असतो, पण एकही शब्द निसटत नाही.

मात्र ज्या दिवसाविषयी मला लिहायचे आहे तो याच्या आगेमागे येतो. पौष पौर्णिमा. आपल्या पंचांगात ती शाकंभरी पौर्णिमा. येथे तिचे नाव छेरछेरा. धान मळून कोठीत पडले की त्या दिवशी मुलांच्या टोळ्या पिशव्या, टोपल्या घेऊन दारोदार "छेरछेरा" म्हणून ओरडत फिरतात आणि धान मागतात. ही भीक नव्हे. मोठ्या घरची मुलेही मागतात, आणि गरिबाच्या दारीही मागतात. ज्याच्या घरी चूल पेटते त्याने ओंजळभर द्यायचे, एवढाच नियम.

आमच्या येथल्या पहिल्या पौषात सकाळीच शेजारच्या वृद्ध छत्तीसगढी बाई सूपभर धान घेऊन आल्या. मला वाटले, आम्हांलाच भेट. त्या सौभाग्यवतींना म्हणाल्या, "बहिनी, तोर दुवारी ले लइका मन जुच्छा झन जाय." तुझ्या दारातून मुले रिकाम्या हाताने जाऊ नयेत. आम्ही शहरातली माणसे. आमच्याकडे धान कोठून असणार, हे त्यांनी आधीच जाणले होते. सूप त्यांचे, धान त्यांचे, पण द्यायचे आमच्या हातांनी, आमच्या उंबऱ्यावरून. मुलांनी घेतले, आणि पुढच्या दारी धावली. आम्ही कोठले, किती दिवसांचे, याची चौकशी कोणी केली नाही.

त्या बाई चार वर्षांपूर्वी वारल्या. सूप आमच्याकडेच आहे. त्यांची सून नेण्यास आली तेव्हा म्हणाली, "राहू द्या, तुमच्या दारचेच आहे ते." तेव्हापासून मार्गशीर्षात सौभाग्यवती ओळखीच्या शेतकऱ्याकडून पायलीभर धान मागवितात. कांडून घरी खाण्यासाठी नव्हे; खाण्याचा तांदूळ दुकानातून येतो. हे धान ओसरीवरच्या डब्यात वेगळे राहते. मुलांपैकी काही आता पैसेही मागतात, काहींना धानाचे करायचे काय हेच ठाऊक नसते. तरी डबा भरलेला असतो.

पुण्याच्या घरात असे धान ठेवण्यास जागा नाही, असे मुलगा म्हणतो. जागा आहे, मागणारे नाहीत, हे त्याच्या आईचे उत्तर. या वादात मी अद्याप कोणाचीच बाजू घेतलेली नाही. घर लावण्यासाठी जानेवारीत या, असे त्याने कळविले होते. पौष पौर्णिमा उलटल्यावरची तारीख धर, असे मी काल त्याला कळविले आहे, आणि परतीची तिकिटेही काढून ठेवली आहेत.