तांब्याचा भाव

आमच्या भागात कोर्टाची एक शिक्षा पोरासोरांनाही पाठ आहे. कोर्ट उठेपर्यंत बसून राहायचं. सकाळी गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा, संध्याकाळपर्यंत बाकावर बसायचं आणि शेवटच्या एस.टी.नं गावाकडं. किरकोळ मारामारीला, दारूच्या केसला ही शिक्षा होते त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण अलीकडं कुठल्याही केसचं नाव काढा, पारावर बसलेला माणूस हसून म्हणतो, "काय व्हायचंय? बसंल कोर्ट उठस्तवर." हे हसणं मला बरं वाटत नाही. त्याच्या आत राग असतो, आणि तो राग कुठं जातो ते मी पाहिलं आहे.

नगर आणि सोलापूर जिल्ह्यांच्या हद्दीवरचं आमचं गाव. ओढ्याच्या काठानं विहिरी. २०१९ चा फेब्रुवारी, दुष्काळाचं वर्ष. एका रात्रीत ओढ्यावरच्या तीन विहिरींच्या मोटरी आणि केबली गेल्या. एक माझी, एक शेजारच्या वस्तीवरची आणि एक आमच्या भावकीतल्या नानांची. माझ्या रानात कडवळ होतं, ते वाळलं. दोन जनावरं विकली. हे नुकसान सांगण्यासारखं नाही. नानांचं सांगतो.

नानांची साडेतीनशे झाडं डाळिंबाची. आंबे बहार धरलेला. ज्यानं डाळिंब केलंय त्याला माहीत आहे, ताण तोडून पाणी सुरू केलं, झाड फुलावर आलं की त्यानंतर पाण्यात खंड पडून चालत नाही. नेमकी त्याच वेळेला मोटर गेली. नवीन मोटर घ्यायला हातात पैसा नव्हता, सोसायटीचं कर्ज थकलेलं. पैसे गोळा करून मोटर विहिरीत सोडेपर्यंत तेरा दिवस गेले. मधे दोन टँकर घातले, पण टँकरचं पाणी साडेतीनशे झाडांना म्हणजे उंटाच्या तोंडात जिरं. तेराव्या दिवशी मी बागेत गेलो तेव्हा झाडाखाली लाल सडा पडला होता. पाऊल टाकायला जागा नव्हती. नाना बांधावर बसून फुलं मुठीत घेऊन बघत होते. त्यांचा सगळा हंगाम गेला. पोरीचं लग्न दोन वर्षं पुढं गेलं ते त्यामुळंच.

एप्रिलमध्ये तीन जण सापडले. दोघं बाहेरचे, एक आमच्या पलीकडच्या वाडीचा. कुठल्या विहिरीवर कुणी झोपत नाही हे त्यानंच दाखवलेलं. केबल जाळून रबर काढलेलं तांबं भंगारात गेलं होतं. ते घेणाऱ्या भंगारवाल्याचं नाव दोषारोपपत्रात शेवटपर्यंत आलंच नाही. चोर बावन्न दिवस आत राहिले आणि जामिनावर सुटले.

मग आमची पाळी. कोर्ट बेचाळीस किलोमीटरवर. साक्षीचं समन्स पाच वेळा आलं. एकदा साहेब रजेवर, एकदा आरोपी गैरहजर, दोनदा आरोपीच्या वकिलांनी मुदत मागितली, एकदा कागदच सापडेना. मधलं एक सबंध वर्ष करोनात गेलं. दर खेपेला एक दिवसाचा रोज बुडायचा, एस.टी.चं भाडं, वर चहापाणी. पंच म्हणून सही केलेला पोरगा मला म्हणाला, "काका, चोरी त्यांनी केली आणि हेलपाटं मला व्हय?"

२०२२ साली एक कागद आला. आरोपींनी गुन्हा कबूल करून सौद्याचा अर्ज केलाय, बैठकीला या. वकील त्याला 'प्ली बार्गेनिंग' म्हणतात. ही सोय आपल्याकडं २००६ पासून आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा असेल तर आरोपीला असा अर्ज करता येतो. बाईवरच्या किंवा चौदा वर्षांखालच्या पोरावरच्या गुन्ह्याला चालत नाही. आधी त्याच गुन्ह्यात शिक्षा झालेल्यालाही चालत नाही. कोर्टावर केसींचा डोंगर आहे, काही निकाल असे लागले तर बिघडलं कुठं, असं मलाही वाटतं. मी तडजोडीच्या विरोधातला माणूस नाही. माझी आणि थोरल्या चुलतभावाची बांधाची केस अकरा वर्षं चालली, ती लोकअदालतीत एका दुपारी मिटली. आज त्याच्या नातवाच्या बारशाला मी जातो. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम आली तेव्हा आमच्या समितीत मी होतो. पाच-सहा भांडणं आम्ही पारावर मिटवली. तिथंही सगळं निर्मळ नव्हतं, ज्याचं घर मोठं त्याच्याकडं समिती झुकायची. पण एक होतं. चूक करणाऱ्याला गावासमोर उभं राहून काय केलं ते आपल्या तोंडानं सांगावं लागायचं, आणि ज्याचं गेलं त्याला काय गेलं ते सांगता यायचं.

बैठक कोर्टाच्या मागच्या खोलीत झाली. सरकारी वकील, आरोपींचे वकील, तीन आरोपी, एक पोलीस आणि आम्ही तिघं. ज्यांनी तपास केला ते बदलून गेलेले, आलेल्याला आमचं गाव कुठल्या रस्त्यावर आहे तेही माहीत नव्हतं. कागदावर शब्द होते 'परस्पर समाधानकारक तोडगा'. आकडा आधीच ठरला होता. माणशी दंड, आम्हाला प्रत्येकी सहा हजार भरपाई, आणि जेवढे दिवस आत काढले तेवढीच कैद.

नाना म्हणाले, "आणि माझ्या डाळिंबाचं?"

आरोपींचे वकील शांतपणे म्हणाले, "चोरी मोटरीची झालीय, डाळिंबाची नाही."

कुणीच काही बोललं नाही. आमच्याकडं वकील नव्हता. नंतर एका ओळखीच्या वकिलांकडून कळलं की त्या बैठकीत फिर्यादीला भरपाई मागता येते, केसचा खर्च मागता येतो, नाही पटलं तर नाही म्हणता येतं. मग केस पुढं नेहमीसारखी चालते. आणखी एक कळलं. अर्ज आला की न्यायाधीश आरोपीला एकट्याला आत घेऊन विचारतात, बाबा, हे राजीखुशीनं करतोस की कुणाच्या दबावानं? चांगला नियम आहे. गरीब माणसाला कुणी दमात घेऊन कबूल करायला लावू नये. सगळीच बैठक राजीखुशीची असावी असं कायदा म्हणतो. पण तुम्ही राजीखुशीनं सही करताय का, असं नानांना त्या दिवशी कुणी विचारलं नाही. तीन वर्षांच्या हेलपाट्यांनी दमलेला माणूस राजी असतो की नसतो? सहाव्या समन्सला यायचं जिवावर आलं होतं म्हणून आम्ही सह्या केल्या. निकाल भरकोर्टात वाचला गेला खरा, दोन मिनिटांत. पंख्याच्या आवाजात तिसऱ्या बाकावर मला फक्त आकडे ऐकू आले. त्यावर अपीलही नसतं.

वाडीचा तो पोरगा आमच्याच एस.टी.त बसून परत आला. मान खाली. त्याला कुणी शिव्या दिल्या नाहीत, पण गावात त्या दिवसापासून एक वाक्य फिरायला लागलं. आता पोलिसात द्यायचं नाही. सापडला की हातपाय मोडायचे. हे टवाळ पोरं म्हणत नव्हती, दूध डेअरीवर रांगेत उभी असणारी, शाळा शिकलेली, दोन मुलांचे बाप असलेली माणसं म्हणत होती.

२०२४ च्या नोव्हेंबरात त्यांना संधी मिळाली. रात्री एकच्या सुमाराला नानांच्याच विहिरीवर एक जण सापडला. केबल कापून झाली होती, पिशवीत कटर होता, म्हणजे शंकेला जागा नव्हती. मी पोचलो तोवर त्याला लिंबाला बांधलं होतं आणि दोन-चार ठोसे पडले होते. एकाच्या हातात टिकावाचा दांडा. पोलीस पाटील आणि मी मधे उभे राहिलो. मी ओरडून सांगितलं, अरे, हा मेला तर तुमच्या केसला सौदा नाही, जन्मठेप आहे. एक जण मला म्हणाला, "आबा, मागल्या बारीला सह्या तुम्हीच केल्या." खरं होतं. त्याला उत्तर द्यायला माझ्याकडं काही नव्हतं, मी फक्त जागा सोडली नाही. पोलीस पाटलांनी ११२ ला फोन लावला.

गाडी यायला दीड तास गेला. त्या दीड तासात नाना काठी टेकत आले. सगळे बाजूला झाले. सगळ्यांना वाटलं पहिला फटका आता म्हातारा देणार. नाना त्याच्या समोर उकिडवे बसले आणि विचारलं, "कितीला जातं रं तांबं?"

तो बोलेना.

"मारत न्हाई. भाव सांग."

"साडेचारशे, कधी पाचशे किलो."

"ह्या केबलीत किती निघंल?"

"सात-आठ किलो."

नानांनी बोटांवर हिशोब केला. "म्हंजे साडेतीन हजार. साडेतीन हजाराला माझी बाग गेली व्हती," असं ते त्याला नाही, आमच्याकडं बघून म्हणाले. दांडा घेतलेल्या पोरानं दांडा खाली ठेवला. त्यानंतर गाडी येईपर्यंत कुणी हात उचलला नाही.

आता कायदा नवा आहे, १ जुलै २०२४ पासूनचा. सौद्याची सोय त्यातही आहे, दोषारोप ठेवल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा. चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा, सौदा झाला आणि पहिलाच गुन्हा असला तर तिचा सहावा हिस्सा, म्हणजे सहा महिने. आणि पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलीच, माल परत दिला तर तुरुंगाऐवजी समाजसेवा. म्हणजे केबलीची किंमत नवीच्या बिलानं धरायची की भंगाराच्या भावानं, यावर सगळं येऊन ठेपतं. पंचनाम्याच्या वेळी नाना हेच धरून बसले. हवालदार "अंदाजे किंमत" लिहायला लागले तेव्हा त्यांनी दुकानाचं पक्कं बिल पुढं केलं. २०१९ पासून ते प्रत्येक बिल प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवतात.

या खेपेला केबल दुसऱ्या दिवशी जोडली, बाग वाचली. तरी नानांनी कृषी सहायकाला बोलावून झाडं मोजून घेतली, बहाराची नोंद करून घेतली, सही-शिक्का घेतला. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडं वकिलासाठी अर्जही टाकला आहे. तो लिहायला त्यांनी मला बसवलं होतं. मी लिहीत होतो आणि ते सांगत होते, "लिही, बैठक झाली तर आरोपीनं काय केलं ते पहिल्यापास्नं आपल्या तोंडानं सांगायचं. आमी गावचे दहा जण ऐकाय येनार. मग आकड्याचं बघू."

असं कायद्यात बसतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, तू लिही.